चोरगेमचं शेवटचं तळघर

"सर, तुम्ही पूर्वी चोर होतात का?"

प्रश्न माझ्या तोंडून बाहेर पडला आणि दहावीचा अख्खा वर्ग श्वास घ्यायचा विसरला. संघपाल सर फळ्यावर वर्तुळाची स्पर्शिका काढत होते. खडू तिथंच थांबला. मागच्या बाकावर मैत्रेयी आणि नेत्रावती एकमेकींच्या दंडात नखं रोवून बसल्या होत्या. पैज त्यांचीच. "दम असंल तर विचार," म्हणाल्या होत्या. आणि माझ्यात दम आहे हे मला नुकतंच, गॅदरिंगला माईक हातात घेतल्यावर कळलं होतं, त्यामुळे सध्या मी कुणालाही काहीही विचारत होते.

सर वळले. चेहऱ्यावर राग नाही, हसू नाही, काहीच नाही.

"कुणी सांगितलं?"

मी छताकडे बघितलं. सर म्हणजे मैत्रेयीचे सख्खे मामा, आणि बातमी मैत्रेयीच्या घरूनच फुटलेली. पण मैत्रिणीचं नाव घ्यायचं नसतं.

"व्हय," सर म्हणाले. "होतो. ह्या राजेश्वर गावातला एक नंबरचा चोर होतो. पण शेवटच्या तळघरात घावलो."

एवढं बोलून त्यांनी स्पर्शिका पूर्ण केली. वर्गात जो गोंधळ झाला तो शेजारच्या नववीपर्यंत गेला.

हे चोरपण कसलं, ते सांगते. माझ्या मडिवाळप्पा काकाचं गावात कॉम्प्युटर सेंटर होतं. मठाच्या इमारतीत, खालच्या मजल्यावर. वर पुराण आणि भजन, खाली काकाची कॉम्प्युटरं. तिथं एक गेम होता. त्याचं खरं नाव कुणालाच माहीत नाही, कारण सीडीवर काकानं मार्करनं 'चोर' एवढंच लिहिलं होतं आणि सुरुवातीला येणारं सगळं इंग्रजी पोरं एंटर दाबून उडवायची. अर्ध्या तासाचे पैसे भरलेले, त्यात वाचत कोण बसणार! गेममध्ये आपण काळ्या टोपीतला चोर. एका किल्ल्यात शिरायचं आणि राजाचा मुकुट पळवायचा. मारामारी करायची नाही. सावलीतून सावलीत सरकायचं, पहारेकऱ्याची पाठ फिरली की पळायचं, पडद्याआड लपायचं. पहारेकऱ्यानं बघितलं की कोपऱ्यात एक लाल घंटा हलायला लागते, आणि मग खेळ खल्लास.

सर तेव्हा कॉलेजात होते आणि रोज संध्याकाळी खुर्ची अडवून बसायचे. मी नंतरची. दुसरी-तिसरीत असताना शाळा सुटली की काकाकडे जायचे आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर चोर व्हायचे. अप्पा, म्हणजे माझे वडील, दुकानातून हाक मारेपर्यंत. मीही शेवटच्या तळघरापर्यंत पोचले होते आणि तिथंच घावले होते. मग घरोघरी मोबाईल आले, सेंटर बंद पडलं, काका पूर्णवेळ शेतीत गेला, आणि मी तो गेम तसाच सोडून दिला.

तास संपल्यावर सरांनी मला व्हरांड्यात गाठलं.

"मल्लेश्वरी, तुझ्या काकाकडं ते मशीन अजून हाय का गं?"

"एक हाय सर. आमच्या तुरीच्या खोलीत. चादर घालून ठेवलंय."

"त्या सीडीतच खोट होती बघ," सर म्हणाले. "शेवटच्या तळघरात दिवा विझतो, की मग काही म्हणजे काही दिसत न्हाई. आम्ही सगळे तिथंच मेलो. कुणालाच जमलं न्हाई."

"मला जमंल."

"दहावी हाय तुझी. नको नादी लागूस."

"मला जमलं तर?"

सरांनी डस्टर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "तर मी अख्ख्या वर्गासमोर सांगीन, की माझ्यापेक्षा मोठी चोर मला भेटली म्हणून."

सरांना वाटलं, गंमत झाली आणि संपली. पण मला तो गेम संपवायचाच होता, आणि त्याचं कारण आमच्या घरात होतं.

घरात मला 'निम्मी' म्हणतात. नावाचा लाड नव्हे, टोमणा. मी पायपेटी शिकायला लागले आणि सोडली. क्रोशाचं तोरण दाराच्या निम्म्यापर्यंत आलं, ते अजून तेवढंच लटकतंय. कुणी पाहुणे आले की अप्पा ते तोरण दाखवतात. "आमच्या निम्मीची कला," म्हणतात, आणि पाहुणे हसतात. आता दहावीनंतर काय, असा विषय निघाला तेव्हा मी हळूच म्हटलं होतं, "सायन्स घ्यावं वाटायलंय. कॉम्प्युटरचं." तर अप्पा ताटावरून मानसुद्धा वर न करता म्हणाले, "सायन्स निम्म्यात सोडता येत न्हाई बाळ. कॉमर्स घे. दुकान हाय, जीएसटी हाय, घरचं काम हाय." अव्वा, म्हणजे माझी आई, काही बोलली नाही, आणि अव्वा बोलली नाही म्हणजे तिचंही तेच मत.

वाईट याचं वाटलं, की मलाही ते थोडं पटलं होतं.

म्हणून त्या दिवशी शाळा सुटल्यावर बसस्टँडजवळच्या उसाच्या रसाच्या गाड्यावर मी मैत्रिणींना सांगून टाकलं. "चोरगेम संपवला तर मी घरी सांगणार, सायन्स घेणार म्हणून. न्हाई संपला, तर गुमान कॉमर्स."

नेत्रावतीचा रस नाकात गेला. "गेमवर आयुष्य लावायलीस काय गं?"

"आयुष्य न्हाई. पीयूसी. अकरावी-बारावी फक्त."

"आणि तू मधीच सोडलीस तर?" मैत्रेयीनं विचारलं. ती माझी सगळ्यात जवळची, म्हणून तिलाच असं विचारता येतं.

"तर तूच मला निम्मी म्हण. शाळेत, सगळ्यांसमोर."

तुरीची खोली आमच्या घराच्या मागच्या अंगाला आहे. पोत्यांच्या थप्पीआड ते मशीन होतं. चादर काढली तर धुळीचा लोट उठला आणि मी शिंकून शिंकून दमले. काकानं कुठली तरी वायर हलवली, डब्याच्या कुशीत दोन थापा मारल्या, आणि काय सांगू, ते सुरू झालं! निळा उजेड, आणि मग तो किल्ला. माझा किल्ला.

पण हे काय? लहानपणी ज्या पहारेकऱ्याला भिऊन मी खुर्चीखाली घुसले होते, त्याला मानच नव्हती. डोकं सरळ खांद्यावर ठेवलेलं, विटेवर वीट ठेवल्यासारखं. झाडं म्हणजे हिरवे समोसे. आणि मी ज्याला समुद्र समजत होते तो खंदक आमच्या गुरांच्या हौदाएवढा. मी एकटीच हसत बसले. बोटांना मात्र सगळं आठवत होतं. कुठं वाकायचं, कुठं भिंतीला चिकटायचं, कुठल्या मशालीवर पाणी फेकायचं. डोक्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, पण बोटं आपली चालत होती. परीक्षेच्या अभ्यासाच्या नावाखाली रोज शाळा सुटल्यावर थोडं थोडं करत मी त्याच आठवड्यात शेवटच्या तळघराच्या दाराशी उभी राहिले.

पायऱ्या उतरल्या. दिवा विझला. काळं. नुसतं काळं. चार पावलं चालले आणि लाल घंटा हलली.

पुन्हा. घंटा. डावीकडून. घंटा. भिंत धरून. घंटा. जागेवर बसून राहिले तरी घंटा! सर म्हणत होते ते खरं असणार, सीडीतच खोट. तिसऱ्या दिवशी माझा हात आपोआप बंद करायच्या बटणाकडे गेला. तसाच, जसा तो पायपेटीवरून उठला होता.

आणि त्याच क्षणी मला अव्वा ऐकू आली.

आमच्या घरात सगळीकडे शहाबादी फरशी. त्यावर अव्वाची जोडवी अशी वाजतात, टक... टक... डावा पाय जरा जास्त, कारण तिचा डावा गुडघा दुखतो. स्वयंपाकघरातून निघाली. मधल्या खोलीत आली. थांबली. आता वळणार. माझे हात डोकं न वापरता कामाला लागले: स्क्रीन बंद, विज्ञानाचं पुस्तक उघडं, पेन तोंडात. दार उघडलं तेव्हा मी आम्ल आणि अल्कली वाचत होते.

"चहा पाहिजे का गं?"

"नको अव्वा."

ती गेली. टक... टक... आणि मी पुस्तकाकडे बघत तशीच बसून राहिले. मी अव्वाला बघितलंच नव्हतं. दार बंद होतं, मध्ये भिंत होती, तरी ती कुठं आहे ते मला पावलापावलाला कळत होतं.

मग त्या पहारेकऱ्याला पावलं का नाहीत?

मी पळतच अंगणात गेले. काका शेजारच्याच घरात राहतो, कट्ट्यावर बसून फवारणीचा पंप दुरुस्त करत होता.

"काका, चोरगेमला आवाज न्हाई का?"

"आवाज?" काकानं मान वर केली. "असंल की. सगळ्याच गेमला असतोय."

"मग मी ऐकला कामून न्हाई कधी?"

"अगं, मठाची जागा ती! मठाच्या स्वामी अज्जांनी जागा देताना एकच अट घातली होती, वर पुराण चालू असताना खालून चूं आवाज यायचा न्हाई. म्हणून मी पहिल्याच दिवशी सगळे स्पीकर काढून ठेवले. पोरं कुजबुजतच खेळायची. कुणी जिंकलं तर बाकीची हात वर करून मुक्यानं नाचायची, आठवत न्हाई तुला?"

आठवत होतं. फक्त मला वाटायचं, कॉम्प्युटर सेंटरची रीतच तशी असते. जसं देवळात चप्पल काढायची, तसं सेंटरवर गप्प बसायचं.

"स्पीकर कुठं हायत काका?"

काकाला माळ्यावर चढायला वेळ लागला. खोकी जशीच्या तशी होती, चिकटपट्टीसुद्धा न फोडलेली. त्यानं खोक्यावरून हात फिरवला. "मशीनं आणली त्या दिवशी तुझ्या अप्पाला म्हणलो होतो, अण्णा, एकदा तरी मोठ्ठ्यानं लावू." मग त्यानं कोयत्याच्या टोकानं चिकटपट्टी फाडली, थर्माकोल चुर्रकन ओरडलं, आणि आम्ही दोघांनी मिळून स्पीकर जोडले.

किल्ला सुरू झाला आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

वारा होता! त्या किल्ल्यात इतकी वर्षं वारा वाहत होता आणि आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. मशाली फरफरत होत्या. खंदकात बेडूक होते. तो बिनमानेचा पहारेकरी स्वतःशी गाणं गुणगुणत होता, आणि त्याला सर्दी झाली होती. आणि पावलं! दगडावर ठक, लाकडावर धप्प, पाण्यात चुबुक. काका माझ्या मागे उभा राहून "अगं आईग्गं, अगं आईग्गं" एवढंच म्हणत होता.

"काका, सीडीत खोट न्हवती."

"न्हवती की गं."

तळघरात उतरले. दिवा विझला. काळोख तोच, पण आता त्यात माणसं होती. डावीकडे ठक ठक जाणारा एक. तो लांब गेला की मी चार पावलं टाकायची. जवळ आला की दगड व्हायचं. मी अर्ध्या तळघरापर्यंत गेले, जिथं आमच्या गावातला कुणीही कधी गेला नव्हता. आणि तिथं पावलं अचानक गप झाली.

घंटा वाजली. आता ती खरोखर वाजत होती, आणि फार वाईट वाजत होती.

दोन दिवस मी त्या एकाच जागी मरत राहिले. पहारेकरी तिथं आला की गायब व्हायचा. तिथं गालिचा होता, एवढं मला कळलं होतं. गालिच्यावर पाऊल वाजत नाही. मग त्याला ओळखायचं कशानं?

उत्तर पुन्हा अव्वानंच दिलं, आणि या वेळी मी घावले. स्पीकर बारीक ठेवून, नेहमीसारखी जोडवी ऐकत खेळत होते. मधल्या खोलीत ती गप झाली, मला वाटलं परत गेली. आणि दार उघडलं.

"कामून गं? अभ्यास करायलीस का चोऱ्या करायलीस?"

"अव्वा! तू आलीस कशी? आवाज आला न्हाई!"

"मधल्या खोलीत गहू वाळत घातलाय, चटयांच्या काठावर पाय ठेवत आले." तिनं कमरेवर हात ठेवले. हिरव्या बांगड्या किणकिणल्या. "परीक्षा तोंडावर आली आणि हे काय..."

"थांब अव्वा! थांब! पुन्हा कर."

"काय करू?"

"हात हलव!"

पाऊल गप झालं तरी बांगड्या गप नव्हत्या. मीच फक्त जोडव्यांवर कान लावून बसले होते. मी उठून अव्वाचे दोन्ही गाल ओढले. ती म्हणाली, "येडी झालीस," पण पुढचं बोलणं विसरली. आणि त्याहून नवलाची गोष्ट, गेली नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "ते मान नसलेलं माणूस काय करायलंय तिथं?"

रविवारी सकाळी मी सगळ्यांना बोलावलं. मैत्रेयी आणि नेत्रावती तुरीच्या पोत्यांवर पाय सोडून बसल्या. सर हेल्मेट हातात घेऊनच आत आले. त्यांना वाटलं होतं, मला हरताना बघायला बोलावलंय. काका कोपऱ्यात, आणि अव्वा दारात, हातात लाटणं. अप्पा पुढं दुकानात होते. रविवारी बाजार, गिऱ्हाईक भरपूर.

मी स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवला.

पहिला वारा वाहिला तेव्हा सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ते हळूच खाली पोत्यावर बसले.

"हे... हे होतं ह्यात?"

"होतं सर."

"म्हणजे मी बहिरा चोर होतो." सरांनी हेल्मेट मांडीवर घेतलं. "माझी सगळी जवानी बहिरी गेली की गं!"

"मामा, गप्प बस," मैत्रेयी म्हणाली. "ऐकू येईना झालंय."

पायऱ्या उतरले. दिवा विझला. खोलीत कुणी हलेना. ठक, ठक, डावीकडून. लांब गेला. चार पावलं. ठक, ठक. दगड. मग लाकडाची फळी, माझंच पाऊल धप्प वाजलं आणि नेत्रावतीनं मैत्रेयीचा हात इतक्या जोरात दाबला की ती किंचाळणार होती, पण किंचाळली नाही. पहारेकरी थांबला. नाक ओढलं. गुणगुणत पुढं गेला.

आणि मग गालिचा. पावलं गप.

मी डोळे मिटले. खरंच मिटले, तिथं बघायचं होतंच काय? वाऱ्याच्या मागं, मशालीच्या मागं, अगदी बारीक, छन्न... छन्न... चाव्यांचा जुडगा. त्याच्या कमरेला. उजवीकडून येत होता. माझ्या अंगाला घासून गेल्यासारखा गेला. कुणी तरी माझ्या मागं हुंदक्यासारखा श्वास सोडला, तो काका असावा. छन्न लांब गेलं. अजून लांब. मी उठले, सरळ चालत गेले, हात पुढं केला.

मुकुट.

आधी काही झालंच नाही. मग स्क्रीन पांढरा झाला, ढोल वाजले, तुताऱ्या वाजल्या, आणि माझा चोर पहाटेच्या उजेडात किल्ल्याच्या तटावर पाय सोडून बसला आणि त्यानं टोपी काढली. त्याचा चेहरा राजेश्वरातल्या कुणीच कधी बघितला नव्हता. तो चोर नव्हता. लांब वेणीची मुलगी होती ती!

काकानं सवयीनं दोन्ही हात वर केले आणि मुक्यानं नाचायला लागला. मी ओरडले, "काका, मठ न्हाई हे! ओरड!"

आणि काका ओरडला. इतक्या वर्षांचं सगळं एकदम ओरडला. मग सर ओरडले, मग पोरी, मग लाटण्यासकट अव्वा. तुरीची दोन पोती घरंगळली. सर मला वाकून म्हणाले, "उद्या पहिल्याच तासाला सांगतो वर्गाला. फळ्यावर लिहून सांगतो."

अप्पा धावत आले, हातात तागडीचं वजन तसंच. "काय झालं? कोण पडलं? गिऱ्हाईक पळून गेलं माझं!"

"तुमच्या पोरीनं गेम जिंकला," अव्वा म्हणाली. तिच्या आवाजात असा अभिमान मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"कुठला? तो मडिवाळचा? जो कुणाला..." अप्पांनी स्क्रीनकडे बघितलं. वेणीवाली मुलगी मुकुट मांडीवर घेऊन ऐटीत बसली होती आणि खालून नावं वर सरकत होती. अप्पांनी सरांकडे बघितलं, सरांनी मान हलवली. "पूर्ण?"

"पूर्ण, अप्पा. निम्म्यात सोडायला हात गेला होता एकदा. पण सोडला न्हाई."

 तुताऱ्या अजून वाजत होत्या. मैत्रेयी माझ्याकडे बघत होती, भुवया वर करून. वर्गातल्यासारखं आता कुणी पैज लावून मला बोलायला लावत नव्हतं. हे मला स्वतःलाच बोलायचं होतं.

"अप्पा, अव्वा, मी पीयूसीला सायन्स घेणार. कॉम्प्युटर घेऊन, बिदरला. ठरलंय माझं."